मदत हवी आहे: वाळलेल्या कडुनिंबाच्या फळ्या काढायच्या आहेत, सोलापुरात चिरून कोण देईल?

नमस्कार मंडळी,

होटगी रोडला आमच्या सोसायटीच्या आवारातला कडुनिंब गेला. सोसायटी व्हायच्या आधीपासूनचं झाड. पाडव्याला अख्ख्या गल्लीचा पाला-मोहोर त्याचाच. काही वर्षांपूर्वी बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक बसवले, त्यानंतर बाहेर चर खणताना एका बाजूची मुळं तुटली आणि वरून शेंडे वाळत आले. तेलंगणाकडे कडुनिंबाचे शेंडे वाळायचा रोग आला होता, त्यातली बरीच झाडं पुन्हा फुटली. म्हणून आम्हीही दोन पावसाळे वाट पाहिली, पण हा फुटला नाही. फांद्या गाड्यांवर पडायला लागल्या तेव्हा अर्ज केला (झाड वाळलेलं असलं तरी १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली परवानगी लागतेच, कुणी परस्पर तोडू नका) आणि गड्ड्याची यात्रा (सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वराची जत्रा) संपली त्या आठवड्यात झाड उतरवलं.

तोडणाऱ्यांची बोली ठरलेली असते: मजुरी नको, लाकूड आमचं. म्हणजे सगळं भट्टीत जाणार. मी म्हटलं फांद्या न्या, खोड इथंच ठेवा. त्यावर मजुरी मोजावी लागली, मीटिंगमध्ये दोघे-तिघे माझ्यावर नाराजही झाले. आता तीन ओंडके भिंतीकडेला पडून आहेत. सगळ्यात मोठा ८ फूट लांब, मधोमध घेर ६ फूट. वखारीच्या हिशोबानं, म्हणजे घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी, १८ घनफूट भरतो.

हे लाकूड जाळायचं नाही यावर मी ठाम आहे. कापलेल्या तोंडाला कडेनं दोन बोटं पांढरट लाकूड आहे आणि आत सगळा तांबूस गाभा. ओला हात फिरवला की रंग असा खुलतो की बघत राहावं. कडुनिंब महोगनीच्याच कुळातला, गाभ्याला वाळवीही सहसा लागत नाही. माझे वडील मागावर होते. माग मोडला तेव्हा त्याच्या लाकडातून सुतारानं आमच्या घरचं कपाट केलं, ते आजही दार न कुरकुरता उघडतं. या झाडाची निदान चार बाकं व्हावीत, दोन झाडाच्याच जागी आणि दोन शेजारच्या शाळेला, एवढीच इच्छा आहे.

अडचण अशी की वखारवाले हात लावत नाहीत. तीन ठिकाणी फोटो दाखवला. दोघांनी ऐकताक्षणी नाही म्हटलं: "शहरातलं झाड ना? खिळे असणार." तिसरा म्हणतो, खिळा लागून करवतीचा पट्टा तुटला तर भरून द्या. त्यांचंही चूक म्हणवत नाही. क्लासच्या पाट्या, पताकांच्या तारा, कपडे वाळत घालायचे हूक, सगळं त्या झाडानं पोटात घेतलंय. एका तोंडाला निळसर काळा डाग दिसतो, तिथं बोट फिरवलं की गंजकं टोक लागतं.

तर, खिळ्यांचं लाकूड चिरून देणारं कुणी सोलापूर, बार्शी, पंढरपूर भागात माहीत आहे का? दीड इंची फळ्या काढल्या तर आपल्या उन्हात त्या कशा वाळवायच्या? मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, आताच टोकांना भेगा दिसायला लागल्यात. आणि एक मोठा प्रश्न. दर वळवात शहरात गुलमोहर, रेन ट्री पडतात, तेही सगळे जळणात जातात. अमेरिकेत बाल्टिमोर शहरानं पडलेल्या झाडांसाठी कॅम्प स्मॉल नावाची स्वतःची वखार ठेवली आहे, तिथं ओंडके निवडून चांगलं लाकूड विकतात. आपल्याकडे असं कुणी करून पाहिलंय?

प्रतिसाद १
आमची वखार होती, म्हणून सांगतो. आधी टोकं बंद करा, आजच. ऑइल पेंटचे दोन हात द्या नाहीतर मेण वितळवून लावा. पाणी टोकातूनच सगळ्यात आधी उडतं आणि तिथूनच तडा आत जातो. खिळ्यांसाठी साल पूर्ण सोला, मग हातातलं मेटल डिटेक्टर फिरवा, मॉलच्या दारात असतं तसलं. जिथं वाजेल तिथं खडूनं खूण करा. काळा डाग म्हणजे लोखंड जवळच आहे, ती तुमची वाटाडी खूण. पाट्या साधारण माणसाच्या हाताच्या उंचीवर ठोकतात, त्यामुळे बुडाकडचा ओंडका जास्त वाजेल. वरचे दोन आधी चिरून घ्या, वखारवाल्याचा विश्वास बसेल. मोठ्याबद्दल नंतर बोला.

प्रतिसाद २
फळ्या उन्हात कधीही ठेवू नका. सावलीत, जमिनीपासून फूटभर वर, प्रत्येक थरात दीड-दोन फुटांवर सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचा आणि वर वजन ठेवा. पट्ट्या एकाखाली एक सरळ रेषेत आल्या पाहिजेत, नाहीतर फळी लाटेसारखी वाकते. कडुनिंबाचा रेषा उलटसुलट असतो, तो पिळतो. ढोबळ हिशोब इंचाला एक वर्ष. आपल्या हवेत लवकर वाळेल, पण घाई केली तर फाटेल. एप्रिल-मेमध्ये वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावा. पांढऱ्या भागाला भुंगा लागतो, चिरल्याबरोबर बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी मारा किंवा तो भाग काढूनच टाका. गुलमोहराचा मात्र नाद नको, पोचट लाकूड. रेन ट्री चांगलं.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी टोकांना रंग दिला. साल काढताना बुडाकडच्या ओंडक्यात एक जुना पत्र्याचा तुकडा निघाला, अक्षरं गेलीत, चारही कोपऱ्यांना खिळे तसेच. वरचे दोन ओंडके मात्र स्वच्छ दिसताहेत. तिसऱ्या वखारवाल्यांना ते दाखवले, फक्त तेवढे चिरायला तयार झालेत. मेटल डिटेक्टर एका लग्नकार्यालयाच्या वॉचमनकाकांकडून दोन तासांसाठी मिळतोय. येत्या रविवारी सकाळी आठला मोठ्या ओंडक्याचे खिळे काढायला बसतोय. जवळपास राहणाऱ्या कुणाकडे लांब दांड्याची पक्कड किंवा जाड पहार असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.