स्पार्टाचा पोरगा, तोच कोल्हा, तीच थर्मोपिली

मुशाफिर_७

पुतणी आठवीत आहे. तिला ग्रीकांचं वेड लागलंय, म्हणून दिवाळीपासून प्राचीन ग्रीसमधल्या योद्ध्यांच्या लहानपणावरच्या इंग्रजी कादंबऱ्या आधी मी वाचतो, मग तिला देतो. पाच झाल्या. पाचही स्पार्टातल्या आणि पाचही जवळजवळ एकच. सातव्या वर्षी पोरगा आईपासून तुटतो. अनवाणी हिंडतो, वर्षभर एकच वस्त्र, युरोटास नदीकाठचे बोरू हातानं मोडून त्यांवर झोपतो. पोटाला कमी मिळतं म्हणून चोरी करतो, आणि चोरीबद्दल नव्हे तर सापडल्याबद्दल मार खातो. चोरलेला कोल्हा अंगरख्याखाली लपवून पोट फाडून घेणारा मुलगा कुठेतरी येतोच. शेवटची पन्नास पानं थर्मोपिली, म्हणजे इराण्यांपुढे स्पार्टन हरले ती लढाई.

माझं मत असं की ह्यांना ऐतिहासिक कादंबरी म्हणू नये. यातला बहुतेक मसाला प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराचा. थर्मोपिलीची लढाई इ.स.पू. ४८० ची, प्लुटार्क लिहितो इ.स. १०० च्या आसपास. आज कुणी बहमनी काळातल्या पोराचं बालपण ऐकीव गोष्टींवरून लिहावं, तसंच हे.

दुसरी तक्रार जास्त मोठी आहे. पाचांपैकी चार पुस्तकांत हेलट नावालाच आहेत. स्पार्टाचे नागरिक शेती करत नव्हते. लॅकोनिया आणि मेसेनियातले हे जमिनीला बांधलेले लोक राबायचे, म्हणून ते दिवसभर भाले घेऊन कवायत करू शकत होते. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की प्लाटीयाच्या लढाईत ५००० स्पार्टन होते आणि प्रत्येकामागे सात हेलट. म्हणजे ३५,०००. एवढी माणसं कादंबरीत मावत नाहीत? पोराच्या पाठीवरचा वळ दिसतो आणि त्याला भाकर पुरवणाऱ्याची पाठ दिसत नाही, हे मला खटकतं.

कोरा_कागद

सपशेल असहमत.

सात-दहा वर्षांच्या पोराला हेलट कसे दिसतील? आपल्याकडची जुन्या वाड्यांमधल्या लहानपणाची आत्मचरित्रं काढून बघा. आंब्याच्या अढीचं वर्णन दोन पानं, आणि रोज विहिरीवरून पाणी भरणाऱ्याचं नाव एकदाही नाही. ते लेखक दुष्ट नव्हते, त्यांना तो दिसतच नव्हता. पोराच्या तोंडून गोष्ट सांगायची तर त्याचं न दिसणंही खरं ठेवावं लागतं. नाहीतर स्पार्टातला पोरगा एकविसाव्या शतकातली भाषणं ठोकायला लागतो, आणि तसली पुस्तकं त्याहून वाईट असतात. मी दोन अर्धी टाकलीत.

आणि प्लुटार्क 'ऐकीव' लिहीत नव्हता हो. त्याच्यापुढे त्याच्या कितीतरी आधीचा लेखक झेनोफोन होता, ॲरिस्टॉटल होता, आज आपल्या हाती नसलेलंही बरंच होतं. बहमनी उपमा रद्द करावी, ही विनंती.

जुनी_वही

उपमा अर्धी रद्द करा, अर्धी ठेवा. झेनोफोन स्पार्टाला जवळून ओळखत होता. त्याची मुलंही तिथे शिकायला होती असं म्हणतात. अनवाणी पाय, एकच वस्त्र, मुद्दाम कमी अन्न, चोरीचं शिक्षण हे सगळं त्याच्याकडे आहे, तेव्हा तेवढं तरी प्लुटार्कच्या माथी मारू नका.

पण तान्हं बाळ अशक्त निघालं की डोंगरातल्या दरीत टाकायचं, हे प्लुटार्कच सांगतो. तायगेटस डोंगराच्या ज्या कपारीकडे बोट दाखवलं जातं, तिथे सापडलेली हाडं तरुण-प्रौढ माणसांची निघाली, बाळांची नाहीत. आणि एजेसिलॉस? एका पायानं लंगडा. थोरला भाऊ गादीचा वारस होता, म्हणून याला चारचौघांसारखं त्या शिक्षणातून जावं लागलं (वारसाला माफी होती). पुढे हाच राजा झाला आणि सुमारे ४० वर्षं राज्य केलं. लंगड्या पायानं ते सगळं पार करणारा पोरगा! यावर एक पुस्तक दाखवा कुणीतरी.

आता फटक्यांचं. आर्टेमिस ऑर्थिया या देवीच्या वेदीवरचं चीज पळवायचं आणि तसं करताना चाबूक खायचे, एवढंच झेनोफोन सांगतो. नुसतं उभं राहून फटके सोसायची स्पर्धा, बघायला जमलेली गर्दी, हे रोमन अमलातलं. प्लुटार्क ते डोळ्यांनी पाहिल्याचं लिहितो, आणि इ.स. तिसऱ्या शतकात तर प्रेक्षकांसाठी वेदीभोवती दगडी बैठका बांधल्या. थोडक्यात, पर्यटन. तो प्रसंग थर्मोपिलीला पडलेल्या राजा लिओनिडासच्या काळात घालणं म्हणजे शिवकाळातल्या मावळ्याच्या हातात कटिंग चहा देणं.

रांगडा_गडी

तुमचं चालू द्या विद्वानांनो, मी वेगळ्या बाजूनं बोलतो.

मी सहावीपासून सैनिकी वसतिगृहात होतो. कुठल्या, ते सोडा. अशी एक स्पार्टाची कादंबरी तिथे हातोहात फिरायची, कव्हर नसलेली. मी ती चार वेळा वाचली. इतिहास म्हणून नाही. पहाटे पाचला गार पाण्यानं अंघोळ करताना आपल्यासारखाच कुणीतरी अडीच हजार वर्षांपूर्वी कुडकुडत होता, याचा आधार वाटायचा. मुशाफिर, तुम्ही बत्तिशीला वाचून नावं ठेवताय, बाराव्या वर्षी वाचली असती तर वेगळं बोलला असता.

पण ती पुस्तकं एका बाबतीत खोटी आहेत. त्यांत मारणारा नेहमी मोठा माणूस असतो, दाढीवाला, कडक, पण मनातून प्रेमळ. मला मास्तरांचा मार आठवत नाही. आठवतो तो वरच्या वर्गातल्या पोरांचा. स्पार्टातही तसंच असणार ना?

जुनी_वही

@रांगडा_गडी, बरोबर पकडलंत. पोरांच्या टोळीवर एक 'आयरेन' असायचा, वय साधारण वीस. जेवण झाल्यावर तो एकेकाला प्रश्न विचारी, उत्तर चुकलं तर अंगठा चावी. (सॉरी, हेही प्लुटार्कच.)

ओवी

मला मुळात कळत नाही, सगळे स्पार्टातच का जातात? ग्रीस म्हणजे शेकडो नगरराज्यं. अथेन्समध्ये इ.स.पू. ३३० च्या दशकातली व्यवस्था बघा. अठराव्या वर्षी मुलगा 'एफेब' व्हायचा. पहिलं वर्ष पायरियस बंदरात पहारा आणि शिक्षण, मग नाट्यगृहात लोकांसमोर कवायत करून दाखवायची आणि सरकारकडून ढाल-भाला घ्यायचा, दुसरं वर्ष सीमेवरच्या चौक्यांवर. सातव्या वर्षी आई सुटत नाही, पण घर सुटतंच.

आणि त्याआधीच्या शतकातलं हे: बाप लढाईत मेलेल्या मुलांना नगर पोसायचं. ती मोठी झाली की डायोनिसस देवाच्या उत्सवात, नाटकं सुरू होण्याआधी, पूर्ण चिलखत घालून सगळ्यांसमोरून चालवायचे. जरा डोळ्यांपुढे आणा. बाप गेलेला, अंगावर सरकारी चिलखत, हजारो लोक बघतायत, आणि नंतर त्याच रंगमंचावर कुणाची तरी शोकांतिका. मला ही कादंबरी हवी आहे. चाबूक एकही नको.

अजून एक. पुतणीला द्यायची ना पुस्तकं? स्पार्टात मुलीही पळायच्या, कुस्ती खेळायच्या. एजेसिलॉसची बहीण किनिस्का हिच्या घोड्यांनी ऑलिम्पिकची रथांची शर्यत जिंकली, इ.स.पू. ३९६. पाचांपैकी एका तरी पुस्तकात मुलगी नायिका होती का?

मुशाफिर_७

@ओवी, नव्हती. एकात बहीण होती, ती निरोप देताना ढाल हातात देते आणि संपते.

@रांगडा_गडी, तुमचं वाचून गप्प झालो. तरी आधार देणारं पुस्तक आणि खरं पुस्तक या दोन गोष्टी आहेत एवढं म्हणेन. बत्तिशीला नाही, चव्वेचाळिशीला.

@कोरा_कागद, 'पोराला दिसत नाही' हे मला पटत नाही. त्या शिक्षणाच्या शेवटाला क्रिप्तिया होती. निवडक तरुण खंजीर घेऊन रानात लपायचे आणि रात्री वाटेत सापडेल त्या हेलटला मारायचे. ज्याची अखेरची परीक्षाच हेलट, त्याला हेलट दिसत नाही?

कोरा_कागद

आणि हा क्रिप्तियाचा खंजीर कुणी सांगितला? प्लुटार्कनं! सकाळी प्लुटार्क नको, संध्याकाळी त्यालाच साक्षीला बोलावताय. प्लेटोच्या एका संवादात क्रिप्तिया येते ती नुसती अंग कसण्यासाठी: हिवाळ्यात अनवाणी, अंथरुणाशिवाय, रात्रंदिवस मुलुखात भटकंती. खुनाचा शब्द नाही.

मुशाफिर_७

सापडलो. फटके मारा.

(पण प्लुटार्क तिथे ॲरिस्टॉटलचा हवाला देतो, हे नोंदवून ठेवतो.) बरं, इतिहासकार थुसिडिडीज घ्या, तो त्याच काळातला. स्पार्टानं हेलटांना सांगितलं, युद्धात ज्यांनी मोठा पराक्रम केला असेल त्यांनी पुढे या, मोकळं करतो. सुमारे २००० निवडले. ते डोक्यावर हार घालून देवळांना फेरी मारून आले. पुढे ते सगळे नाहीसे झाले आणि एकेक कसा मेला ते कुणालाच कळलं नाही. निवेदक आंधळा ठेवा हवं तर, तुमचं तेवढं मान्य. वाचकाला दिसू द्या. मिरवणूक बघून पोरगा टाळ्या वाजवतो आणि दोन प्रकरणांनंतर विचारतो, आपला शेतावरचा तो माणूस हल्ली का येत नाही? भाषणाची गरजच नाही.

कोरा_कागद

हे चालेल. हे लिहिलंत तर विकत घेईन.

जुनी_वही

शेवटाबद्दल एक. सगळे थर्मोपिलीला थांबतात कारण तिथे हरूनही छाती फुगते. पण नागरिक राहायला सामूहिक पंगतीत दरमहा धान्य, दारू, चीज, अंजीर द्यावं लागे. शेतातून तेवढं निघेना की नागरिकत्व गेलं. इ.स.पू. ४८० मध्ये ८००० स्पार्टन होते असं हिरोडोटस म्हणतो. ३७१ मध्ये ल्युक्ट्राच्या लढाईत ७०० उतरले, त्यांतले ४०० पडले. तेरा वर्षं बोरूवर झोपलेला पोरगा, आणि बापाची अंजिरं कमी पडली म्हणून पंगतीतून उठवलेला! नायक 'मोथॅक्स' घेतलात तर अजून बरं, म्हणजे नागरिकांच्या मुलांबरोबर वाढलेला पण पूर्ण नागरिक नसलेला. सेनापती लायसँडर त्यातलाच होता म्हणतात.

ओवी

हे सगळं राहू दे, पुतणीचं मत काय?

मुशाफिर_७

तिची तक्रार एकच. तिसऱ्या पुस्तकातला पोरगा हिवाळाभर अनवाणी, एका वस्त्रावर, आणि त्याला एकदाही सर्दी होत नाही.

रांगडा_गडी

होते. दर डिसेंबरात व्हायची. नाक पुसायला बाही पण ओलीच असायची.