मदत हवी आहे: कंपायलरचं ओ३ (ओ२ पेक्षा वरच्या पातळीचं ऑप्टिमायझेशन) लावल्यावर बायनरी सर्च उलट हळू का होतो?

नमस्कार मंडळी,

नाशिकला अंबड एमआयडीसीत आमची छोटी टीम आहे. पिंपळगावकडच्या पॅकहाउसवाल्यांना द्राक्षाच्या पेट्यांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर देतो. कोड सी++ मध्ये, कंपायलर जीसीसी. स्कॅन झालेला बारकोड सॉर्ट केलेल्या अ‍ॅरेत बायनरी सर्चने, म्हणजे मधला आकडा बघून दर पायरीला यादी निम्मी करत, शोधायचा, एवढंच काम. पेट्या कशाही क्रमाने येतात, त्यामुळे डावा अर्धा की उजवा, हे प्रोसेसरला आधी कळायचं कारणच नाही.

ओ२ च्या बिल्डमध्ये तुलनेनंतर जंप (निकाल बघून कोडमध्ये दुसरीकडे उडी, म्हणजेच ब्रँच) दिसतो. ओ३ मध्ये तोच इफ सीमूव्ह (उडी न मारता दोनपैकी एक किंमत उचलणारी सूचना) होतो, ब्रँच उरतच नाही. पर्फ स्टॅट या मोजमापाच्या टूलमध्ये ब्रँच-मिसेस, म्हणजे उडीबद्दल प्रोसेसरचे चुकलेले अंदाज, धाडकन उतरतात, एका दिवसाच्या यादीवर वेगही वाढतो. पण अख्ख्या सीझनची, कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) न मावणारी यादी दिली की ओ३ मागे पडतं. चुकीचे अंदाज गेले, तरी वेळ वाढला? आणि जंप राहू दे, हे कंपायलरला सांगायचं कसं?

(रॅम वाढवा म्हणू नका. ते साहेबांनी सांगून झालंय.)

प्रतिसाद

ब्रँच-मिसेस एवढंच बघितलंत तर फसगत होणारच. जंप असला की प्रोसेसर तुलनेच्या निकालासाठी थांबत नाही. एक बाजू धरून पुढे जातो आणि तिथला मधला आकडा रॅममधून मागवूनही ठेवतो. निम्म्या वेळा ते जमून जातं, म्हणजे तेवढं प्रीफेच फुकटात. चुकलं तर प्रोसेसरच्या साधारण १५-२० सायकल (घड्याळाचे ठोके) वाया; रॅमची फेरी मात्र शंभराच्या वरच. सीमूव्हवर असा अंदाज बांधला जात नाही, त्यामुळे प्रत्येक पायरी आधीच्या लोडसाठी (मेमरीतून आकडा येण्यासाठी) अडून बसते. छोटी यादी कॅशमध्येच असते, तिथे लोड स्वस्त, म्हणून सीमूव्ह जिंकतो.

जीसीसीत इफ-कन्व्हर्जन (इफचा सीमूव्ह करणं) बंद करायचे फ्लॅग आहेत, पण त्यांच्या भरवशावर कोड ठेवू नये. सीमूव्ह राहू द्या आणि तुलनेच्या आधीच पुढच्या दोन्ही संभाव्य मधल्या जागांवर बिल्टिन प्रीफेच (आकडा आधीच मागवून ठेवायची जीसीसीची सोय) टाका. एक वाया जाईल, जाऊ दे.

धागाकर्ता

टाकलं. सीझनच्या यादीवर आता ओ३ पुढे आहे, आभार! दिवसाच्या यादीवर मात्र किंचित जड झालंय. साइज बघून दोन वेगळी फंक्शन्स ठेवू का?