मदत हवी आहे : एचपीव्ही चाचणी पॉझिटिव्ह आल्यावर पुढे काय करावे?

नमस्कार. माझ्या मोठ्या वहिनींचे वय ४६ असून, गावातील तपासणी शिबिरात केलेल्या एचपीव्ही (गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवू शकणारा विषाणू) चाचणीत त्यांना १६ क्रमांकाच्या प्रकाराचा संसर्ग असल्याचे निघाले आहे. त्यांना कोणताही त्रास नाही, आणि 'दुखत नाही तर डॉक्टर कशाला' हे त्यांचे म्हणणे खोडून काढणे हेच सध्या आमच्यापुढचे मोठे काम आहे.

हा संसर्ग बहुतेक स्त्रियांमध्ये एक-दोन वर्षांत आपोआप जातो, तो टिकून राहिल्यास मात्र गर्भाशयमुखाच्या पेशींत हळूहळू बदल होतात आणि त्यातून कर्करोग व्हायला बहुधा अनेक वर्षे लागतात, एवढे मला समजले आहे. उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातील ३० ते ५९ वयाच्या स्त्रियांच्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या चाचणीच्या एकाच फेरीमुळे या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचे दिसले, हे वाचून धीर आला.

अडचण अशी की, तालुक्यातील एका डॉक्टरांनी कॉल्पोस्कोपी (भिंगाच्या यंत्रातून गर्भाशयमुखाची तपासणी) किंवा बायोप्सी (छोटा तुकडा काढून तपासणे) न करताच गर्भाशय काढण्याचा सल्ला दिला. तपासणीत कर्करोगपूर्व बदल आढळलेच, तर तेवढाच भाग लीप पद्धतीने (विजेने तापवलेल्या तारेच्या फासाने) काढून किंवा उष्णतेने नष्ट करून भागते ना? कॉल्पोस्कोपीला भूल लागते का, त्याच दिवशी घरी येता येते का, आणि उपचारांनंतर पुन्हा चाचणी किती महिन्यांनी करायची? या अनुभवातून गेलेल्या भगिनींनी किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांनी कृपया सविस्तर लिहावे. तुमचे उत्तर मी वहिनींना वाचून दाखवणार आहे.