कुत्र्याचं पिल्लू दिवसभर उलट्या करतंय, औषध सांगा (तातडीचे)

ओढ्याकाठी | रात्री ८:५२
पिल्लू सकाळपासून उलट्या करतंय. आधी खाल्लेलं पडलं, आता नुसता पिवळा फेस. दुपारपासून पातळ शी पण. काही खात नाही, कोपऱ्यात पडून आहे. इथले डॉक्टर बाहेरगावी गेलेत, उद्या दुपारी येणार. मेडिकलमध्ये उलटीवर कोणतं औषध मिळेल आणि किती द्यायचं, एवढंच सांगा. लवकर.

शेवंता | ८:५८
वय? वजन? लसी कोणत्या, कधी? शीचा रंग, वास? पाणी पोटात राहतंय का? आत्तापर्यंत काय काय दिलंत? एवढं कळल्याशिवाय कुणी औषधाचं नाव सांगू नये.

अर्धाकप | ९:०१
जात कोणती? लॅब (लॅब्राडोर) असेल तर काहीतरी गिळलं असणार. मोजा, सुतळी, आंब्याची कोय. आतडं अडकलं की अशाच उलट्या होतात. एक्सरे काढून घ्या.

चाफ्याखाली | ९:०४
पपईच्या कोवळ्या पानाचा रस, एक चमचा, दिवसातून तीनदा. वर दही-भात. पेशी वाढतात.

ओढ्याकाठी | ९:१०
लस झालेली आहे, घेतानाच कार्ड मिळालं. अडीच महिन्याचं आहे, देशी-लॅब मिक्स. शी मघाशी चॉकलेटी होती, आता लालसर पाणी, वास असा की खोलीत थांबवत नाही. पाणी पितंय पण पाच मिनिटांत उलटतंय. आता औषध सांगा.

गोठ्यावरचा_डॉक्टर | ९:१४
पार्वो (कुत्र्यांचा विषाणूचा रोग) धरून चला आणि गाडी काढा. उद्या दुपारपर्यंत थांबू नका. अडीच महिन्याचं पिल्लू, आधी उलटी, मग रक्ताची पातळ शी आणि तो वास, हे एकत्र आलं की दुसरं काही सिद्ध होईपर्यंत पार्वोच समजायचा. उपचार नसतील तर अशी पिल्लं दोन-तीन दिवसांत जातात.

निघण्याआधी दोन मिनिटांत एवढं बघून इथे लिहा:
१. वरचा ओठ उचलून हिरडीवर बोट दाबा आणि सोडा. पांढरा ठसा दोन सेकंदांत गुलाबी झाला पाहिजे. हिरडी बोटाला चिकटते की ओली आहे?
२. गुदद्वारात थर्मामीटर, टोकाला खोबरेल लावून. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे नेहमीचं.
३. वजन. पिल्लाला घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे.
४. कार्डावर लसीच्या किती तारखा आहेत?

मानेची कातडी ओढून बघू नका. एवढ्या लहान पिल्लाची कातडी अंगात पाणी कमी असलं तरी चटकन परत बसते.

आणि शेवंताताईंनी विचारलेलं राहिलंच. घरातलं काय दिलंत?

ओढ्याकाठी | ९:२२
ठसा जायला तीन सेकंद लागले. हिरडी चिकट. ताप १०३.८. वजन ३.४ किलो. कार्डावर एकच तारीख, ४५ व्या दिवसाची. दुपारी अंग गरम लागलं म्हणून मुलाचं पॅरासिटामॉल सिरप अर्धा चमचा दिलं होतं. कुणीतरी जुलाब बंद करायची गोळीही सांगितली, ती अजून दिली नाही.

गोठ्यावरचा_डॉक्टर | ९:२७
ती गोळी म्हणजे लोपेरामाइड असणार, देऊ नका. शी आत कोंडली की जंतू आणि विष आतच राहतं. सिरपच्या बाटलीवर १२० मिग्रॅ प्रति ५ मिली असेल तर अडीच मिलीत ६० मिग्रॅ गेलं, म्हणजे किलोमागे साधारण १८. तेवढ्याने विषबाधा होत नाही, पण पुन्हा देऊ नका. बाटलीवर इब्युप्रोफेनचंही नाव आहे का ते बघा. असेल तर डॉक्टरांना पहिल्यांदा तेच सांगा.

तोंडातून आता काहीही नको, पाणीसुद्धा नाही. पिचकारीने जबरदस्तीने पाजलं की उलटीबरोबर फुप्फुसात जातं. फक्त मध किंवा ग्लुकोजची घट्ट पेस्ट बोटावर घेऊन हिरडीला चोळा. उपाशी पिल्लाची साखर झपाट्याने उतरते. अंग थरथरू लागलं किंवा मान टाकली तर दर दहा मिनिटांनी चोळा. अंगाला फडकं गुंडाळा.

शेवंता | ९:३०
कुठे आहात ते अजून सांगितलं नाहीत.

ओढ्याकाठी | ९:३१
वाई तालुका. इब्युप्रोफेन नाही, बघितलं.

शेवंता | ९:३३
मग वाई आणि सातारा, दोन्हीकडच्या खासगी दवाखान्यांना आधी फोन करा. एकच विचारा: रात्री शिरेतून सलाईन लावाल का, पिल्लू ठेवून घ्याल का. नुसतं इंजेक्शन देऊन परत पाठवणार असतील तर पुढचा नंबर लावा. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, खंबाटकी ओलांडून. तिथेही फोन करून खात्री झाल्यावरच निघा.

पार्वोची शंका आहे हे फोनवरच सांगा. पिल्लू दवाखान्याच्या फरशीवर टेकवू नका, बोलावेपर्यंत गाडीतच थांबा. तिथे लस घ्यायला आलेली दुसरी पिल्लं असतात.

चाफ्याखाली | ९:३६
माझ्या पपईच्या रसाकडे कुणी लक्षच देत नाही, कारण काय? डेंग्यूत लोक घेतातच की.

गोठ्यावरचा_डॉक्टर | ९:४४
डेंग्यूत काळजी प्लेटलेटची असते. इथे घसरतात त्या पांढऱ्या पेशी, कारण हा विषाणू जिथे पेशी भराभर वाढतात तिथे शिरतो. एक जागा अस्थिमज्जा. दुसरी लहान आतडं. आतड्याच्या अस्तराच्या तळाशी खाचा असतात, रोज नव्या पेशी तिथून वर सरकतात. त्या खाचाच जळाल्या की अस्तराचे अंकुर झडतात, अन्न-पाणी शोषलं जात नाही आणि आतड्यातले जंतू सरळ रक्तात उतरतात. लढायला पांढऱ्या पेशी नाहीत, अशा वेळी. या पोटात कडू रस गेला तर तो फक्त पुढची उलटी आणतो.

ओसरी | ९:४८
गोचीड बघितलीत का? गोचीड तापातही हिरड्या पांढऱ्या पडतात आणि ताप येतो. डॉक्सिसायक्लिन सुरू करा.

शेवंता | ९:५१
गोचीड तापात सुरुवात अशी उलटी-रक्ती जुलाबाने होत नाही, आणि डॉक्सिसायक्लिन रिकाम्या पोटी दिलं तर उलटी वाढते. या वयात पार्वोशी खरा गोंधळ हुकवर्मचा, म्हणजे आतड्यातल्या रक्त पिणाऱ्या जंतांचा, होतो. त्यात शी डांबरासारखी काळी, हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या, पण पिल्लू बराच वेळ खातं-पितं. कॉक्सिडिया आणि जिआर्डिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवींत शेंबडासारखी शी, क्वचित रक्ताचे धागे, उलटी कमी. पार्वो आणि यातलं काही एकत्रही असतं, म्हणून शीची तपासणी सूक्ष्मदर्शकाखाली करून घ्या, नुसत्या पार्वोच्या चाचणीच्या पट्टीवर थांबू नका.

ओढ्याकाठी | १०:०५
साताऱ्यात एक दवाखाना तयार झाला. निघालो. तिथे काय काय करायला सांगू?

गोठ्यावरचा_डॉक्टर | १०:१६
सांगू नका, विचारा.

पट्टी: शीच्या नमुन्यावर दहा मिनिटांत कळतं. पट्टी निगेटिव्ह आली तरी पार्वो नाही असं होत नाही, अगदी सुरुवातीला आणि शेवटी ती चुकते. लस पाच-दहा दिवसांपूर्वी झाली असेल तर फिकट रेघ लसीमुळेही येते. तुमच्या लसीला महिना होत आला, म्हणून रेघ आली तर ती खरी. सोबत रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि साखर.

सलाईन: जीव वाचतो तो यानेच. ३.४ किलोचं पिल्लू आठ टक्के सुकलं असेल तर तूट साधारण २७० मिली. वर दिवसाची गरज ३०० च्या आसपास, शिवाय उलटी-जुलाबातून जाईल तेवढं. म्हणजे चोवीस तासांत ६०० मिलीच्या पुढे. शंभर मिली देऊन घरी पाठवणं म्हणजे उपचार अर्धवट. रिंगर लॅक्टेट, त्यात गरजेप्रमाणे ग्लुकोज आणि पोटॅशियम. पोटॅशियम मोजून मिसळावं लागतं, ते डॉक्टरांवर सोडा. बाटली अंगाइतकी कोमट हवी.

उलटीवर मॅरोपिटंट, किलोमागे १ मिग्रॅ, दिवसातून एकदा. पुरलं नाही तर सोबत ऑन्डान्सेट्रॉन. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, ते रक्तात उतरणाऱ्या जंतूंसाठी, आणि तेही इंजेक्शननेच.

अर्धाकप | १०:२४
दोन दिवस पोट पूर्ण रिकामं ठेवा. आतड्याला विश्रांती मिळते. पशुवैद्यकात हेच शिकवत आलेत.

गोठ्यावरचा_डॉक्टर | १०:३३
शिकवत होते. आता तसं करत नाहीत. आतड्याच्या पेशी आपलं बरंचसं पोषण समोरून जाणाऱ्या अन्नातून घेतात; उपाशी ठेवलं की अस्तर आणखी पातळ होतं. मी तोंडातून बंद म्हटलं ते उलटी आटोक्यात येईपर्यंत. इंजेक्शनने उलटी थांबली की लगेच, दवाखान्यात असतानाच, नाकातल्या नळीने किंवा चमचा-चमचा सुरू करायचं. उकडलेलं चिकन मऊ भातात कालवून, मसाला-तेल काही नाही, दर दोन-तीन तासांनी एक चहाचा चमचा. दूध नाही.

ओढ्याकाठी | ११:५०
पट्टीवर गडद रेघ. पांढऱ्या पेशी १९००. सलाईन सुरू आहे. इथे रात्री फक्त एक मदतनीस असतो. खर्च रोजचा झेपेल की नाही सांगता येत नाही. घरी नेऊन काही करता येतं का?

शेवंता | रात्री १२:०४
आज रात्र तिथेच ठेवा. आधी शिरेतून पाणी भरून रक्ताभिसरण ताळ्यावर आलं, तरच घरचा मार्ग उघडतो. कोलोराडो स्टेट विद्यापीठाने हा घरचा क्रम तपासला होता, २०१७ मध्ये छापला: दवाखान्यात ठेवलेल्यांपैकी ९० टक्के वाचली, पहिलं सलाईन देऊन मग बाह्यरुग्ण म्हणून सांभाळलेल्यांपैकी ८०. मात्र त्यात कातडीखाली किलोमागे ३० मिली सलाईन दर सहा तासांनी होतं, उलटीचं इंजेक्शन होतं, लांब टिकणारं अँटिबायोटिक होतं आणि रोज तपासणी होती. तुमच्या पिल्लाला म्हणजे दर वेळी १०० मिली, दोन-तीन जागी वाटून. मध्यरात्रीचीही पाळी चुकवायची नाही. सुई कशी टोचायची ते डॉक्टरांसमोर करून दाखवल्याशिवाय नेऊ नका. कातडीखाली ग्लुकोजची बाटली कधीच नाही.

ताप उतरून ९९ च्या खाली गेला तर ते बरं होणं नव्हे. लगेच परत न्या. पोटात सॉसेजसारखी कडक गाठ लागली तरी, कारण आतडं आतड्यात शिरलं की शस्त्रक्रियाच लागते.

चाफ्याखाली | १२:१०
पण लस दिली होती ना? मग लसीचा उपयोग काय?

गोठ्यावरचा_डॉक्टर | १२:२१
आईच्या पहिल्या दुधातून आलेली प्रतिपिंडं विषाणूला अडवतात, तशी लसीलाही अडवतात. ती हळूहळू ओसरतात. एक काळ असा येतो की लस रुजू द्यायची नाही इतकी असतात, पण रोग थोपवायला पुरत नाहीत. हा काळ प्रत्येक पिल्लाचा वेगळा. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी लस द्यायची आणि शेवटचा डोस सोळाव्या आठवड्यात किंवा त्यानंतर पडेल असं बघायचं. मग सहा महिने ते वर्षाच्या आत एक. पंचेचाळिसाव्या दिवशी एक टोचली आणि कार्डावर शिक्का बसला, एवढ्याने पिल्लू सुरक्षित होत नाही. लस २ ते ८ अंशांत ठेवलेली हवी, हेही विचारत जा.

ओसरी | १२:२६
मुळात आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायलाच बंदी आहे, २०१७ चे कुत्रा प्रजननाचे नियम बघा. तीस दिवसांची पिल्लं ४५ ची सांगून विकतात. दात बघून वय कळतं.

अर्धाकप | १२:२९
ते वेगळ्या धाग्यावर घ्या. घरात अजून कुत्री आहेत का, हे कुणी विचारलंच नाही.

ओढ्याकाठी | सकाळी ७:१५
आहे, याचीच बहीण. ती ठणठणीत आहे म्हणून लिहिलं नाही. आणि एक मांजर. रात्री फक्त एक उलटी झाली याला, सकाळी डोळे उघडून बघितलं.

गोठ्यावरचा_डॉक्टर | ७:२८
बहिणीचा ताप सकाळ-संध्याकाळ मोजा, पुढचे चौदा दिवस. लागण झाली असेल तर बहुधा तीन ते सात दिवसांत दिसेल. जेवणात नाखुशी हीच पहिली खूण, रक्ताची वाट बघू नका. तिला आज लस द्या. लागण आधीच झाली असेल तर ती रोखणार नाही, पण झाली नसेल तर फायदा आहे. डॉक्टरांना घरी बोलावता आलं तर उत्तम. मांजरालाही कुत्र्याचा पार्वो लागू शकतो, त्याची लस झाली नसेल तर तीही घ्या. माणसाला हा लागत नाही.

जंताचं औषध दोघांनाही राहिलं असेल, पण आजारी पिल्लाला ते उलटी थांबल्यावर.

शेवंता | ७:३५
घर धुताना क्रम चुकवू नका. आधी शी-उलटी कागदाने उचला, मग साबणाने घासून धुवा, मगच क्लोरिन. मळावर ओतलेलं क्लोरिन मळातच संपतं. फिनेल आणि हाताच्या सॅनिटायझरने हा विषाणू मरत नाही. चार टक्क्यांचं हायपोक्लोराइट (पातळ ब्लीच) असेल तर लिटरभर द्रावणाला ४५ मिली, दहा मिनिटं जमीन ओली राहिली पाहिजे. संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर मिसळू नका, विषारी वायू सुटतो. वाट्या, दोरी, चपलांचे तळवे, सगळं. शी उकिरड्यावर टाकू नका, खड्ड्यात पुरा. बरं झाल्यावरही पिल्लू दोन आठवडे विषाणू सोडत राहतं, तोवर वेगळं ठेवा आणि मोकळं करण्याआधी आंघोळ घाला.

ओढ्याकाठी | ७:४९
अंगण शेणाने सारवलेलं आहे. ग्रामपंचायतीतून ब्लीचिंग पावडर आणली, पुडा आधीचा फुटलेला होता, गोळे झालेत. चालेल?

शेवंता | ७:५६
ओलावा लागून गोळे झालेल्या पावडरीतला क्लोरिन बहुतेक उडालेला असतो. नाकाला झोंबत नसेल तर टाकून द्या. बंद पुडा घ्या, ३० टक्के क्लोरिनच्या पावडरीचा, लिटरला ६ ग्रॅम, आजची आजच वापरायची. ती फरशीला. सारवलेल्या जमिनीचं निर्जंतुकीकरण होत नाही. वरचा थर खरवडून काढा, पुरा, पुढे ऊन लागेल तितकं लागू द्या, आणि लसी पूर्ण न झालेलं पिल्लू वर्षभर त्या अंगणात सोडू नका.

ओढ्याकाठी | ८:०३
बरं. बहिणीला आत्ताच माडीवर नेलं. ताप १०१.६.