अनुभव धागा: माफ करणं जमलं का कुणाला?

पारिजात
रविवारी उपासनेत बायबलमधला मत्तय १८ वाचला. पेत्र विचारतो सात वेळा क्षमा करू का, येशू म्हणतो साताच्या सत्तर वेळा. मला एकदम कोर्टातले बाबा आठवले. दादाला उडवणारा ट्रक ड्रायव्हर व्हरांड्यात उभा होता. बाबा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझ्यासाठी प्रार्थना करतो." आत जाऊन साक्ष मात्र चोख दिली, तो प्यायला होता हेही सांगितलं. आई बाकावर पदराला गाठ मारत होती, सोडत होती. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढे मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, बायका येऊन तिलाच ऐकवायच्या, "ख्रिस्ती माणसाने मनात धरू नये." फार राग येतो अजून. तुमचंही लिहा.

रानपाखरू
आईंना नमस्कार सांगा. नवरा मारायचा तेव्हा मलाही "क्षमा कर" म्हणून परत पाठवलं होतं. दुसऱ्या मंडळीतल्या पाळकबाईंनी आधी राहायची सोय केली, पोलिसांत सोबत आल्या, क्षमेचा विषयच काढला नाही. आता राग उरला नाही. पण त्या घरात पाय ठेवणार नाही.

भटका
ग्लॅडिस स्टेन्स. १९९९ साली ओडिशात मनोहरपूरला नवरा आणि दोन लहान मुलगे गाडीत जिवंत जाळले. बाईंनी माफ केलं, कुष्ठरोग्यांचं काम सोडलं नाही. खटला चालला, शिक्षाही झाली. पारिजात, तुमचे बाबा त्याच वाटेने गेले.

मोगरा
पारिजात किती दिवसांनी!! गुडघ्याचं ऑपरेशन झालं का गं?

पारिजात
झालं, काठी सुटली. जिने मात्र नकोत अजून 🙂

शांतसागर
प्रभूच्या प्रार्थनेत "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" आलं की मी तोंड मिटायचो. भावाने फसवून सह्या घेतल्या होत्या. कन्फेशनमध्ये फादरांना सांगितलं. म्हणाले, "सध्या क्षमा करायची इच्छा व्हावी, एवढंच माग." तेवढंच मागतोय. त्याचा फोन उचलतो आता. दावा चालू आहे.

मोगरा
सिस्टर राणी मारिया! १९९५ साली मध्य प्रदेशात खून झाला. सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टर, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. तो पार बदलला. माझ्याच्याने नाही झालं असतं.

अंगणवेल
बाळ झोपलंय, पटकन लिहिते. लूक १७:३ बघा, "त्याने पश्चात्ताप केला तर त्याला क्षमा कर." आईंकडे तो ड्रायव्हर आला होता का कधी?

पारिजात
नाही. आई तेच म्हणते, "माझ्याकडे आलाय कोण माफी मागायला?"

भटका
पण वधस्तंभावर प्रभूने कुणी मागायची वाट नाही पाहिली. "हे बापा, त्यांना क्षमा कर."

रानपाखरू
ते त्याने स्वतःच्या मारेकऱ्यांसाठी म्हटलं भटका. आईंच्या वतीने बाकीच्या बायकांनी म्हणायचं नाही.

भटका
हे पटलं.

मोगरा
पारिजात, फिजिओ कुणाकडे केलंस? व्यक्तिगत निरोप कर.