प्रति: पोलिसांत जावं की नाही

मुलाला पळवलंय म्हणून खंडणीचा फोन आला तर 'गुपचूप पैसे द्या, पोलिसांना कळवू नका' हा वर कुणीतरी दिलेला सल्ला मला अजिबात पटला नाही. आमच्या ग्वाल्हेरात लष्कर भागातल्या जुन्या मंडळींनी चंबळच्या डाकूंचा काळ पाहिलाय. डकैती आणि अपहरणासाठी १९८१ साली मध्य प्रदेशाला वेगळा कायदाच करावा लागला. पैसे पोचले म्हणून मूल परत येतंच असं नाही.

११२ (पोलिसांचा आपत्कालीन नंबर) लावा. हद्दीचा घोळ कुणी घातलाच तर ऐकू नका, झिरो एफआयआर (हद्द न बघता नोंदवलेली तक्रार) कुठल्याही ठाण्यात होतो. फोन करणाऱ्याला मुलाशी बोलू द्या म्हणावं, आणि मुलाला घरचंच काहीतरी विचारावं (आजी कुठल्या नावानं हाक मारते वगैरे). हल्ली आवाजाची नक्कल करूनही फोन येतात, आणि पोरगं बिचारं क्लासमध्ये गणितं सोडवत असतं! तेव्हा दुसऱ्या फोनवरून आधी तिथं चौकशी करा.