लेप जाड म्हणजे पकड घट्ट, असं नाही
एकांनी विचारलंय की परळला आईच्या खुब्यात बसवलेल्या बिनसिमेंटच्या (हाडाला सिमेंटने न चिकटवलेल्या) कृत्रिम सांध्यावर हायड्रॉक्सीॲपेटाइटचा, म्हणजे हाडातल्या खनिजासारख्या पदार्थाचा, लेप जाड असता तर हाड लवकर धरलं असतं का. नाही. हा लेप साधारण ५० ते १५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. फार जाड झाला की खालच्या टायटॅनियम धातूपासून पापुद्र्यासारखा सुटू शकतो, आणि सुटलेले कण सांध्यात गेले तर झीज वाढवतात.

खरी मेख हालचालीत आहे. सांध्याचा मांडीच्या हाडात बसवलेला दांडा हाडात ४०-५० मायक्रॉनहून कमी हलला तर हाड थेट पृष्ठभागावर चढतं. हालचाल १५० मायक्रॉनच्या पुढे गेली तर मध्ये हाडाऐवजी तंतुमय ऊतीच (व्रणासारखं मऊ, धाग्यांचं जाळं) भरते, मग लेप कितीही चांगला असो. म्हणून दांडा मुळात घट्ट ठोकून बसलेला हवा. पहिले सहा आठवडे पायावर किती भार द्यायचा ते सर्जननाच विचारा. दादरच्या पुलाचे जिने आणि गर्दीची लोकल तोवर नकोच.